बोलणारा बेडूक

मुलीला दहावीला भरपूर मार्क मिळाले आणि आमच्या घरावर संकट कोसळलं. कमी मिळाले असते तर काहीच प्रश्न नव्हता. नातेवाइकांनी चार दिवस सांत्वन केलं असतं, "दहावीच्या मार्कांना पुढे कोण विचारतं?" असं म्हणत पेढा तोंडात टाकला असता आणि विषय मिटला असता. पण टक्के पडले त्र्याण्णव, आणि कन्येनं जाहीर केलं की ती कला शाखेत जाणार. त्या दिवसापासून आमच्या फोनवर एकच संवाद चालू झाला. फक्त पलीकडची माणसं बदलायची.

"अभिनंदन! किती पडले?"

"त्र्याण्णव."

"वा, वा! म्हणजे सायन्स."

"नाही, आर्ट्स."

मग शांतता. आणि मग आवाज खाली आणून, "तिला तसं काही टेन्शन वगैरे आहे का?"

आमचे मामा सदाशिव पेठेत राहतात आणि आवाज खाली आणणं त्यांना मान्य नाही. त्यांनी थेट विचारलं, "ड्रॉइंग बरं आहे वाटतं तिचं?"

मामा अकरावी मॅट्रिकवाल्या पिढीतले. दहावीला बोर्ड ही भानगड 1975 साली सुरू झाली, बारावीची पहिली परीक्षा 1977 साली, आणि देशाची घसरण मामा बरोबर तिथपासून मोजतात. त्यांच्या वेळी अकरावी शाळेतच व्हायची, कॉलेज म्हणजे त्यापुढची प्री-डिग्री. त्यामुळे अकरावीतली मुलगी 'कॉलेजला' जाते हेच त्यांना मुळात मंजूर नाही. तिथे जाऊन ती काय शिकते हा पुढचा मुद्दा. तरी कन्येनं त्यांना शांतपणे विषय सांगितले. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र, इतिहास.

"ह्यात शिकायचंय काय?" मामा म्हणाले. "हे तर आम्ही रोज करतो."

मामांनी ह्या एका वाक्यात पुढच्या दोन वर्षांचा अभ्यासक्रम सांगून टाकला, हे तेव्हा आमच्या लक्षात आलं नाही. केमिस्ट्री घेतलेल्या मुलाला जिन्यात अडवून कुणी सांगत नाही की बेंझिनबद्दल माझं जरा वेगळं मत आहे. फिजिक्सवाल्याला गुरुत्वाकर्षण अजून चालू आहे का, असं कुणी विचारत नाही. पण समाज, पैसा, राजकारण आणि माणसाचा स्वभाव ह्या चार गोष्टींवर पुण्यात प्रत्येक मनुष्य जन्मतः विभागप्रमुख असतो. आमच्या वेळी बायॉलॉजीला बेडूक फाडायचा असे. तो ट्रेमध्ये पाय पसरून पडलेला असायचा आणि त्याच्या यकृताविषयी आपण वहीत काहीही लिहिलं तरी हरकत घ्यायचा नाही. सामाजिक शास्त्रांमधला बेडूक जागा असतो. तो चष्मा पुसतो, वहीत डोकावतो आणि म्हणतो, "यकृत जरा उजवीकडे घे. आणि शुद्धलेखन बघ."

बरं, आर्ट्सला प्रवेश म्हणजे कुणीही यावं आणि बाकावर बसावं असंही राहिलेलं नाही. 1885 साली स्थापन झालेल्या फर्ग्युसनच्या आर्ट्सच्या इंग्रजी माध्यमाची यादी नव्वदीच्या वरच बंद होते. हे मामांना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. "आर्ट्सला कटऑफ! उद्या म्हणाल, सारसबागेत फिरायला एन्ट्रन्स!" मग ऑनलाइन अर्ज. भाग एक, भाग दोन, कॉलेजांचे पसंतीक्रम, पहिली फेरी, दुसरी फेरी. लॅपटॉपवर ते गोल गोल फिरणारं चिन्ह बघत मी रात्री जागवल्या. अर्ज भरतानाच कन्येनं मराठी माध्यमाच्या चौकटीत टिचकी मारली आणि नातेवाइकांच्या फोनची दुसरी फेरी सुरू झाली. बायकोला मात्र ह्या सगळ्यात एकच काळजी होती. "आर्ट्सला क्लास कुठला लावायचा?" आर्ट्सला क्लास लागतोच असं नाही, हे कळल्यावर तिला रात्रभर झोप लागली नाही. ज्या विषयाला क्लास नाही तो विषय खरा कसा, असा तिचा सवाल होता, आणि कोथरूडमध्ये राहून ह्या सवालाला उत्तर देणं अवघड आहे.

अभ्यास सुरू झाला. मी इंजिनिअर, त्यामुळे आलेखांचं खातं आपोआप माझ्याकडे आलं. अर्थशास्त्रातला मागणीचा वक्र मी पुस्तकात पाहिला आणि मला कापरं भरलं.

"किंमत बदलली की मागणी बदलते. बरोबर?"

"बरोबर."

"मग किंमत आडव्या अक्षावर हवी. इथे ती उभ्यावर कशी?"

"बाबा, मार्शलनं तशी काढलीय."

"कधी?"

"1890."

"आणि तेव्हापासून कुणी काही बोललं नाही?"

"तू बोल ना. बीएमसीसी रोडला गोखले इन्स्टिट्यूट आहे. 1930 पासून तिथे लोक अर्थशास्त्रच करतायत. जाऊन सांग, अक्ष चुकलाय."

मी गेलो नाही. पण अजूनही त्या रस्त्यानं जाताना गाडी आपोआप हळू होते.

मागणीच्या नियमाचं पुढे माझ्या आईनं जे केलं ते मार्शलनंही पाहिलं नसेल. किंमत कमी झाली की मागणी वाढते, असं पुस्तक म्हणतं. आई दरवर्षी एप्रिलमध्ये हापूसचा भाव ऐकून डोळे पांढरे करते आणि म्हणते, "अक्षय्य तृतीयेला आंबा नाही म्हणजे काय? पेटी आण." मे अखेरीला भाव निम्म्यावर आला की तीच म्हणते, "आता नको. पावसाचा शिंतोडा पडला, अळी पडते."

"आजी, तुझा वक्र उलटा आहे," कन्या म्हणाली.

"माझं काही वाकडं नाहीये. भय्याची पेटी वरून चांगली आणि खालून काय असते ते तुझ्या पुस्तकात आहे का?"

पुस्तकात नव्हतं. पुस्तकात होतं, 'इतर परिस्थिती स्थिर असताना'. अर्थशास्त्राची सगळी इमारत ह्या चार शब्दांवर उभी आहे म्हणे. ज्यानं ते लिहिले त्याच्या घरी एकत्र कुटुंब नसावं. आमच्याकडे इतर परिस्थिती शेवटची स्थिर होती ती ग्रहणात, तीसुद्धा सगळे उपाशी होते म्हणून.

घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत आम्ही पाडव्याला श्रीखंडाच्या पंगतीत शिकलो. एका वस्तूचा एकामागून एक नग घेत गेलं की प्रत्येक पुढच्या नगापासून मिळणारं समाधान कमी होत जातं. मामांनी चौथ्यांदा वाटी पुढे केली होती.

"ह्याला अपवाद आहेत," कन्येनं वाचायला सुरुवात केली. "छंद. व्यसनी माणूस. कंजूष माणूस…"

पंगतीत प्रत्येकानं आपापल्या ताटातल्या लिंबाकडे पाहिलं.

"छापलंय तसं?" मामांनी विचारलं.

"हो. बालभारतीचं पुस्तक आहे."

"किंमत काय पुस्तकाची?"

तिनं मलपृष्ठ बघून किंमत सांगितली. "स्वस्त आहे," मामा म्हणाले, "बघू जरा," आणि पुस्तक पिशवीत घालून घरी घेऊन गेले. ते अजून परत आलेलं नाही. आम्ही दुसरं घेतलं. कंजूष माणूस हा सिद्धांताला अपवाद नसून पुराव्याची सोय आहे, असं माझं मत झालंय.

समाजशास्त्रात नातेसंबंधांचा धडा आला तेव्हा मी इरावती कर्व्यांचं नाव मोठ्या उत्साहानं काढलं. भारतातल्या नात्यांच्या रचनेवर त्यांचा ग्रंथ 1953 साली आला, त्यासाठी त्या देशभर हिंडल्या, डेक्कन कॉलेजात त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं, आणि ज्या काळात पुण्यात बाई स्कूटरवर दिसली की लोक वळून बघायचे त्या काळात त्या स्कूटर चालवायच्या. माझी आत्या ऐकत होती. ती देशभर हिंडत नाही. ती मंगल कार्यालयात जिन्याजवळची खुर्ची धरते आणि समोरून जाणाऱ्या कुठल्याही दोन माणसांचं नातं तीन प्रश्नांत काढून देते.

"इरावती म्हणजे महर्षी कर्व्यांची सून," आत्या म्हणाली. "दिनकररावांची बायको. ते फर्ग्युसनचे प्रिन्सिपॉल होते. विषय केमिस्ट्री." मग कन्येकडे वळून म्हणाली, "बघ. त्यांच्या घरातसुद्धा एकानं सायन्स घेतलं होतं."

मानसशास्त्राबद्दल फार बोलत नाही. त्या वर्षभरात घरातलं प्रत्येक माणूस आपण कुणाच्या तरी वहीत जातोय ह्या भीतीनं शहाण्यासारखं वागत होतं. पाव्हलॉवचा कुत्रा घंटा ऐकून लाळ गाळायचा, हे वाचल्यापासून कुकरची शिट्टी झाली की कन्या माझ्याकडे बघायची. मी शिट्टी झाली तरी पेपर वाचत राहायला शिकलो, आणि गार वरण जेवलो.

ह्या सगळ्यात एक गोष्ट मात्र सोपी झाली होती. "पुढे काय?" ह्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागत नव्हतं, कारण विचारणाराच ते द्यायचा. आर्ट्स म्हटलं की, "म्हणजे एमपीएससी!" रिक्षावाले, दूधवाले, दाताचे डॉक्टर, सगळ्यांचं एकमत. माझी दाढ डॉक्टरांच्या चिमट्यात असताना त्यांनी मला मुलीला कुठल्या अभ्यासिकेत घालायचं ते सांगितलं. नवी पेठेतून शास्त्री रस्त्याकडे गेलं की त्यांच्या म्हणण्यात तथ्य वाटतं. एका जिन्यावर तीन-तीन अभ्यासिकांच्या पाट्या, खाली चहाची गाडी, आणि चहा पिता पिता 'घटनादुरुस्ती कितवी?' असं एकमेकांना विचारणारी मुलं. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आलेली ही मुलं जागेचं भाडं, मेसचं बिल आणि परीक्षेची पुढे गेलेली तारीख ह्यांचा मेळ घालत राहतात. इतर परिस्थिती स्थिर नसताना कसं जगायचं ह्याचं प्रात्यक्षिक त्यांच्याइतकं कुणी करत नसेल. कन्येला मात्र कलेक्टर व्हायचं नव्हतं. तिनं एकदा दूधवाल्याला तसं सांगितलं. "मग आर्ट्स कशाला?" त्यानं विचारलं आणि पिशवी जरा आपटूनच ठेवली.

आणि मग आला प्रकल्प. लेखी 80, तोंडी आणि प्रकल्प मिळून 20. कन्येनं विषय निवडला 'शहरी वस्तीतील शेजारसंबंध', नमुना म्हणून आमची सोसायटी, आणि साधन म्हणून प्रश्नावली. एक पान, मोजके प्रश्न, प्रत्येकापुढे तीन चौकटी: 'होय', 'नाही', 'माहीत नाही'.

पहिला अडथळा सेक्रेटरी. त्यांनी कॉलेजचं पत्र मागितलं. पत्र दिलं तर त्यावर जावक क्रमांक नव्हता. जावक क्रमांक आणला तर ते म्हणाले, "आता हे कमिटीपुढे ठेवतो." कमिटीनं परवानगी दिली, दुपारी दोन ते चार सोडून.

दुसऱ्या मजल्यावर निवृत्त बँक मॅनेजर राहतात. त्यांनी प्रश्नावली ठेवून घेतली आणि दोन दिवसांनी परत दिली. एकाही चौकटीत खूण नव्हती. लाल शाईनं तीन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं होतं आणि समासात शेरा होता, 'प्रश्न 3 व 7 मध्ये पुनरुक्ती. प्रश्न 5 ची मांडणी दिशाभूल करणारी.' शेवटी दहापैकी साडेपाच गुण.

"काका, उत्तरं?"

"आधी प्रश्न नीट कर, मग उत्तरं."

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "वरच्यांनी काय लिहिलंय?" ते गोपनीय असतं म्हटल्यावर, "मग आमचंही गोपनीयच राहू दे." एका आजोबांनी 'शेजाऱ्यांशी आपले संबंध कसे आहेत?' ह्या प्रश्नाला पुरवणी जोडली. ती पानशेतच्या पुरापासून, म्हणजे 1961 पासून सुरू होत होती आणि पार्किंगपर्यंत येता येता शाई संपली होती. 'जेवणखाणावर महिन्याला साधारण किती खर्च होतो?' ह्या प्रश्नाला तर सगळ्यांनी मिळून असहकार पुकारला. मी उगाच वातावरण हलकं करायला सांगायला गेलो की दांडेकर आणि रथ ह्या अर्थशास्त्रज्ञांनी 1971 साली इथेच पुण्यात बसून दारिद्र्याचा हिशोब मांडला, तेव्हा दिवसाला 2250 कॅलरी धरल्या होत्या आणि 1960-61 च्या भावानं शहरात माणशी महिना साडेबावीस रुपये. "साडेबावीस?" मॅनेजरकाका कडाडले. "तुमच्या मेंटेनन्सच्या थकबाकीचं आधी बोला."

पण सगळ्यात मोठा शोध लागला तो कोष्टक करताना. सगळ्या सोसायटीत, सगळ्या प्रश्नांना मिळून, 'माहीत नाही' ह्या चौकटीत एकही खूण नव्हती. सोसायटीतल्या विहिरीचं पाणी कुठे जातं, हे बिल्डरलासुद्धा माहीत नव्हतं. आमच्या इमारतीत ते सगळ्यांना माहीत होतं, आणि प्रत्येकाला वेगवेगळं.

त्या रात्री मला गोखले इन्स्टिट्यूटच्या धनंजयराव गाडगीळांविषयी अपार आदर वाटला. त्यांनी पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली, तिचं पुस्तक 1945 साली निघालं. पाहणी म्हणजे शहरात घरोघर माणसं पाठवून उत्पन्न किती, भाडं किती, कर्ज किती, हे विचारायचं. पुण्यात! वाड्यात शिरून! अर्ध्या वाड्यांत 'तुम्ही कोणाचे?' इथपासूनच सुरुवात झाली असणार. आणि एवढं होऊनही संस्थेनं शहराची पुन्हा पाहणी केली आणि 1956 साली आणखी एक पुस्तक काढलं. माझ्या मते शौर्यपदकं देताना सरकारचं इकडे लक्ष नव्हतं.

बारावीच्या अर्थशास्त्रात एक प्रश्न येतो: खालील विधानाशी तुम्ही सहमत आहात की नाही, ते सकारण स्पष्ट करा. कन्येनं तो सराव म्हणून सोसायटीच्या वार्षिक सभेत बसून करायचं ठरवलं. राज्यशास्त्रात प्रतिनिधित्वाचा धडाही झाला होता. सभा नेहमीप्रमाणे गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकूब झाली आणि मग नियमाप्रमाणे गणपूर्तीशिवायच सुरू झाली. जेवढे आले होते तेवढे मागच्या सभेच्या इतिवृत्ताशी असहमत होते. सकारण. इतिवृत्तात ज्यांचं भाषण होतं तेही असहमत होते. नऊ वाजता वॉचमननं दिवे घालवले तेव्हा कुठे सहमती झाली.

प्रकल्प जमा झाला, तपासून आला. बाईंनी मार्क चांगले दिले होते. फक्त शेवटच्या पानावर शेरा होता: 'नमुना प्रातिनिधिक वाटत नाही.'

हे घरातच राहायला हवं होतं. पण आईनं ते काकूंना सांगितलं, काकूंनी गोपनीय म्हणून तीन मजले सांगितलं, आणि संध्याकाळी मॅनेजरकाका दारात उभे राहिले.

"प्रातिनिधिक नाही म्हणजे? आम्ही कोण मग?"

"काका, ते संख्याशास्त्रातलं असतं. नमुना लहान असला की…"

"लहान? पस्तीस वर्षं राहतोय इथे!"

चार दिवसांत पंचवीस सभासदांच्या सह्यांचं पत्र निघालं आणि विशेष सर्वसाधारण सभा बोलावली गेली. विषय एकच: 'सोसायटी प्रातिनिधिक नसल्याच्या आरोपाचा विचार करणे.' सभेला एवढी माणसं आली की खुर्च्या शेजारच्या सोसायटीतून मागवाव्या लागल्या. गणपूर्ती दुप्पट. पानशेतवाले आजोबा बोलले, काकू बोलल्या, भाडेकरूंना बोलायचा हक्क आहे की नाही ह्यावर पाऊण तास गेला. मामा सभासद नसतानाही आले आणि कन्येचं अर्थशास्त्राचं पुस्तक हातात धरून त्यातल्या अपवादांवर बोलले. शेवटी सोसायटी प्रातिनिधिक आहे हे ठरवण्यासाठी पाच जणांची उपसमिती नेमली गेली, आणि ती पाच माणसं सगळ्यांचं प्रतिनिधित्व करतात का, ह्यावर नवा वाद सुरू झाला.

कन्या मागच्या खुर्चीवर वही घेऊन भराभर लिहीत होती. मॅनेजरकाकांनी तिला पाहिलं आणि हात वर करून सभा थांबवली.

"इतिवृत्त हिच्याकडे द्या," ते म्हणाले. "आर्ट्सला आहे, तिला वेळच वेळ असणार."

ठराव एकमतानं मंजूर झाला.